भुवड, कमळ बुधाजी – ११७

१

पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत एक ओळ होती : ‘भुवड, कमळ बुधाजी – ११७’. पान ११७ वर त्या नावाचं कोणी नव्हतं.

“ही चूक आहे, असं तुम्ही लिहून द्यायचं,” मोघे सर म्हणाले. “तज्ज्ञ म्हणून. एवढंच काम.”

शरच्चंद्र मोघे म्हणजे नांदवणच्या शाळेचे संस्थापक. गाव समुद्रावर, बोर्ली पंचतनच्या पुढे, आणि त्या गावात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, शाळेच्या सभागृहात त्याचं प्रकाशन झालं, आणि भाषणात ते म्हणाले की मराठी पुस्तकांना सूची नसते, माझ्या पुस्तकाला आहे. आता त्याच सूचीने घोटाळा केला होता.

मी प्राणिशास्त्र शिकले. काही वर्षं संग्रहालयात माशांच्या बरण्यांवर नावं लिहिली. मग दिवेआगरला येऊन राहिले आणि पुस्तकांच्या सूची करू लागले. कोणता विषय, कोणतं नाव, कोणत्या पानावर. या कामात कौतुक नसतं. सूची बरोबर असली तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

“चूक कशी झाली हे आधी पाहावं लागेल,” मी म्हटलं.

“पाहा की. प्रेसवाल्या मुलीचा गोंधळ असेल. किंवा आमच्या चिरंजीवांचा. मी दोष देत नाही कुणाला.” त्यांनी हात हवेत फिरवून शोधला, तेव्हा त्यांच्या पत्नीने सरबताचा पेला त्यात नेमका ठेवला. सरांची नजर पार गेली आहे. समोरचं माणूस त्यांना सावलीसारखं दिसतं, छापलेलं अक्षर तर दिसतच नाही. “आमची सौ. मला सगळं वाचून दाखवते. लग्नाआधी पुण्याला एका ग्रंथालयात होती ना, वाचायची सवय आहे तिला.”

गोदावरीबाई रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

“पण सर, ही कमळ भुवड कोण?”

“होती एक विद्यार्थिनी. हुशार. पण वळण वाईट. मुंबईत एका टॅक्सीवाल्याचा हात धरून गेली. आता तिचा भाऊ पुस्तक घेऊन इथे अंगणात नाचतो. म्हणतो, त्या पानावर मेलेल्या मुलीची हकिगत आहे, मग तिथे माझ्या बहिणीचं नाव का?”

मी निघाले. फाटकाबाहेर सायकल धरून एक पन्नाशीचा माणूस उभा होता. काखेत तेच पुस्तक.

“बाई, पुस्तकाच्या मागचं तपासायला आलेल्या त्या तुमीच ना? मी रावजी. कमळचा भाऊ.” त्याने घसा साफ केला. “मला भांडन न्हाय करायचं. माजी आय इचारतेय, कमळ जिती हाय का? येवढंच सांगा. बाकीचं मंग बगू.”

२

रावजी भुवडची वाडी डोंगराकडे, भातशेतीत. तो सरांचाच विद्यार्थी. शाळेची भिंत बांधताना मुलांनी दगड वाहिले होते, त्यात तो होता, आणि पुस्तकात त्या मुलांची नावं आली होती. प्रकाशनाच्या दिवशी त्याने पुस्तक मागून उघडलं.

“आपलं नाव छापलंय का बगत होतो,” तो ओशाळून म्हणाला. “समदेच बगत होते. सरपंच पन.”

सूची अशीच वाचली जाते. माणूस आधी स्वतःला शोधतो. ‘भुवड, रावजी – ६४’ ही ओळ त्याला सापडली, आणि तिच्या डोक्यावरच ‘भुवड, कमळ बुधाजी’.

“दहावीत पहिली आली व्हती. सर सोता घरी आले. बापाला म्हनले, मुंबईला माज्या भयनीकडं ठेवतो, कॉलेजात घालतो, तुमाला कायबी लागनार न्हाय. बाप सरांच्या पाया पडला. फुडच्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला सर परत आले. म्हनले, पोरगी पळाली.”

“आणि आई?”

“आय अजून वाट बगते. वाडीतलं कोन मुंबईला निगालं की त्याच्याकडं निरोप. कमळ दिसली तर सांग, आय रागावली न्हाय. मी म्हनतो, अगं मुंबई म्हंजे बोर्लीचा बाजार हाय का?”

मी ११७ वं पान पुन्हा उघडलं. सरांनी लिहिलं होतं : ‘मुंबईस माझ्या थोरल्या भगिनीकडे एक अनाथ मुलगी आश्रयास होती. दुर्दैवाने ती अपघातात गेली. तिचे पुढेमागे कोणी नव्हते. जातपात न पाहता मी स्वतः तिला अग्नी दिला. सौ.ने मला विचारले, तुम्ही का? मी म्हणालो, माणूस म्हणून.’

सूचीतली चूक बहुधा दोन प्रकारची असते. सूची झाल्यावर पुस्तकात पानं वाढतात आणि मग पुढचे सगळे आकडे सारख्याच अंतराने सरकतात. मी शंभरानंतरची बरीच नावं ताडून पाहिली. एकही सरकलेलं नव्हतं. दुसरी चूक हाताची. अकराऐवजी एकशे अकरा लिहिलं जातं. पण मग ते नाव खऱ्या पानावर कुठेतरी असतंच. म्हणून मी अख्खं पुस्तक ओळ न् ओळ वाचलं. भिंत, निवडणूक, वादळ, सत्कार.

कमळ भुवड हे नाव पुस्तकात एकदाही नव्हतं. जे नाव पुस्तकात नाही, त्याचा पान-क्रमांक चुकू शकत नाही. ते कोणीतरी बाहेरून आणून तिथे ठेवलं होतं.

३

पुस्तकाची मांडणी बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेतल्या एका छोट्या प्रेसमध्ये झाली होती. तिथली साक्षी लग्नपत्रिकेवर गणपती बसवत होती.

“मॅडम, माझी काही मिस्टेक नाय हां,” मी बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं. “मोघे सरांचा फोन तर असा आला, जशी काय मी त्यांची वाडीच विकली.”

“सूची संगणकाने केली का?”

“तसंच ठरलेलं. सरांचे सलिलदादा बोलले, नावं टाक, कॉम्प्युटर पानं काढून देईल. म्हटलं, देईल. मला काय माहीत, मी कधी केलंय? मी विचारच करत होते कसं करायचं, तेवढ्यात डबा आला.”

“कसला डबा?”

“बिस्किटांचा. पत्र्याचा. एसटीच्या कंडक्टरने आणून दिला. आत चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर एकेक नाव, खाली पानं, आणि सगळ्या अ पासून लावलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या. वर कागद : ‘सूची. अशीच घ्यावी.’ मला तर लॉटरीच लागली. जसं होतं तसं टाईप केलं.”

“कमळ भुवडची चिठ्ठी आठवते?”

“आठवते. कारण मी पान उघडून बघितलेलं. मला वाटलं, नाव नाही, मग हे काय? पण मॅडम, अशा खूप होत्या. पानावर नाव नाही आणि चिठ्ठीवर आहे. म्हटलं, मोठ्या माणसांचं पुस्तक, आपण कशाला शहाणपणा करा.”

“अक्षर कोणाचं?”

“मी नाय ओळखत. प्रुफं दादांकडून मेलवर यायची, करेक्शनं पण मेलवर. हाताने लिहिलेलं त्या घरातलं काही बघितलंच नाय मी. डबा परत पाठवला, तसं कागदावर लिहिलेलं होतं.”

“म्हणजे कुठे?”

“कुठे म्हणजे? जिथून आला तिथे. नांदवणला, मोघे सरांच्या घरी.”

संगणक बाजूला पडला. संगणक छापलेलं नाव शोधतो. न छापलेली मुलगी त्याला कधीच सापडणार नाही. ती माणसालाच सापडते, आणि तेही ती मुलगी कोण हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच.

४

सलिल मोघे पुण्याहून आला होता, पुस्तकासाठी आणि वाडीसाठी. नारळी-पोफळीची वाडी विकावी असं त्याचं म्हणणं होतं आणि सर ऐकत नव्हते. हे त्याने लपवलं नाही.

“बाबांना वाटतंय मीच केलं. त्यांना बदनाम करायला. काल मला म्हणाले, ‘आधी बाप संपव, मग वाडी.’ तुम्हाला काय वाटतं?”

“तुम्ही डब्यातून चिठ्ठ्या पाठवल्या होत्या?”

“मी? अहो, मला शेवटचं हाताने लिहिलेलं काय ते आठवत नाही. बाबा बोलायचे, आई लिहून घ्यायची, मी टाईप करायचो. सूचीचं मी साक्षीवर सोपवलं आणि विसरलो. डब्याचं आत्ता तुमच्याकडून ऐकतोय.”

“कमळ आठवते?”

“कमळताई? थोडी. मी लहान होतो. दिवाळीच्या सुट्टीत परळला आत्याकडे जायचो, तेव्हा ती तिथे होती. ती मला गच्चीवर न्यायची. छान गणितं घालायची.”

“कॉलेजातून आल्यावर?”

“कॉलेज… नाही. ती घरीच असायची. भांडी, कपडे. आत्याचं सगळं तीच करायची.” मग घाईने म्हणाला, “पण म्हणजे, राहायची तर मदत करणारच ना.”

“पुढच्या सुट्टीत?”

“नव्हती. पळून गेली असं सांगितलं. मी खूप रडलो, तर आत्या ओरडली. बाकी आठवण म्हणाल तर ते घर बदललं होतं. आधी मी खिडकीत पाय सोडून बसायचो, तिसऱ्या मजल्यावर. त्या वर्षी आत्याने सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या.”

त्याला आपण काय बोललो ते माझ्यानंतर थोड्या वेळाने कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं.

“सईताई,” तो म्हणाला, “आत्या वारली. आता हे उकरून कोणाचं भलं होणार आहे?”

रावजीच्या आईचं नाव त्याने एकदाही काढलं नाही.

५

घरी येऊन मी फक्त सूची वाचली. पुस्तक मिटून ठेवलं.

पोथ्यांच्या काळात अशा सूचीचा उपयोग नव्हता. प्रत्येक नकलेची पानं वेगळी पडत, म्हणून श्लोकांचे पहिले चरण अकारविल्हे लावून ठेवत आणि बाकी पाठांतरावर सोडत. छापखाना आला आणि सगळ्यांचं एकशे सतरावं पान एकच झालं. तेव्हापासून सूची करणारा माणूस एका ओळीत सांगू शकतो की इथे पाहा. त्यापलीकडे त्याला काही म्हणता येत नाही. मत देता येत नाही, आरोप करता येत नाही. पण कोणत्या गोष्टीला नाव द्यायचं आणि कोणत्या नाही, हे तोच ठरवतो. म्हणून दोन माणसांनी केलेली एकाच पुस्तकाची सूची कधी सारखी नसते.

ही कोणी केली असेल?

साक्षी म्हणाली होती की अशा चिठ्ठ्या खूप होत्या. मी त्या शोधल्या. पान ३१ वर सरांनी लिहिलं होतं, ‘वसतिगृहात एक बाई स्वयंपाकाला येत.’ सूचीत होतं : ‘पाटील, आवडाबाई – ३१’. पान ५८ वर ‘गावच्या सुईणीने सलिलला वाचवले’. सूचीत : ‘मुकादम, हलीमाबी – ५८’. पान ७२ वर ‘शिपायाची बायको वर्ग झाडून घेई, कधी काही मागितले नाही’. सूचीत : ‘नाईक, राही – ७२’. सरांची आई, सरांची बहीण, पाणी भरणारी, दगड फोडणारी. पुरुषांची नावं पुस्तकातच होती. बायकांची नव्हती. सूचीने एकेकीला गाठून तिचं नाव लिहिलं होतं.

कमळ ही त्यांच्यातली एक होती. कोणी मुद्दाम तेवढंच नाव घुसवलं नव्हतं. त्या व्यक्तीची सूची करण्याची रीतच ती होती.

त्या काळी साक्षीचा जन्म झाला नव्हता. सलिल पाचवीपासून पुण्याच्या वसतिगृहात होता. बायकांची नावं सरांना ठाऊक असती तर ती पुस्तकात आली असती, आणि छापलेलं तर त्यांना दिसतच नाही. पण असा अंदाज पुरावा होत नाही. मी पुन्हा एकदा सगळं पुस्तक उघडून प्रत्येक बाईपुढे खूण केली आणि ती सूचीत आहे का ते पाहिलं.

एक सोडून सगळ्या होत्या. जी जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येते, वाचून दाखवते, आजारपण काढते, पाहुण्यांचं करते, अशी ‘सौ.’ सूचीत कुठेच नव्हती.

स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहायला फक्त एकाच बाईला संकोच वाटला असता.

६

गोदावरीबाई मागच्या अंगणात सुपारी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि त्यांच्याबरोबर निवडू लागले.

“ती नको, ती कच्ची आहे,” त्या म्हणाल्या. मग खालच्या मानेनेच, “कळलं ना तुम्हाला?”

“तुम्ही स्वतःला वगळलंत.”

“माझं काय आहे त्या पुस्तकात? ग्रंथालयात आम्हाला शिकवलं होतं, प्रत्येक नावाचं कार्ड करायचं, लहान-मोठं बघायचं नाही. चौदा महिने केलं ते काम. मग लग्न झालं.” त्या किंचित हसल्या. “हे दुपारी झोपले की मी चिठ्ठ्या करायचे. किती बरं वाटायचं, सांगू? हलीमाबीचं नाव लिहिलं त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.”

“आणि कमळचं?”

सुपारी हातात राहिली. “हे सांगत होते, मी लिहून घेत होते. ‘एक अनाथ मुलगी.’ मी थांबले. हे म्हणाले, ‘लिही पुढे.’ मी लिहिलं. मग प्रुफं आली, पुन्हा वाचून दाखवलं. पुन्हा तोच शब्द. आणि ते वाक्य, ‘सौ.ने विचारले, तुम्ही का?’ मी असं नव्हतं विचारलं हो. मी विचारलं होतं, तिच्या आईला कळवलंत का?”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, शाळेचं अनुदान यायचंय. आता नको.”

आत सर कोणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यांचा आवाज अंगणापर्यंत खणखणीत येत होता.

“कमळची आई, चंद्राबाई, दर दिवाळीला यायच्या,” गोदावरीबाई म्हणाल्या. “पडवीत बसायच्या. ह्यांना विचारायच्या, काय खबर? मी आतून चहा पाठवायचे.”

“बाहेर येऊन सांगता आलं असतं.”

“आलं असतं.”

“सूचीत लिहिलंत. सूची कोण वाचतं?”

“म्हणूनच लिहू शकले,” त्या म्हणाल्या. “मला कोणी विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते. मला कधी कोणी विचारलंच नाही.”

मला हे उत्तर पटलं नाही आणि मी तसं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू कोणीतरी भाजीत मीठ कमी आहे असं म्हटलं.

“उद्या रावजीला घेऊन येते,” मी म्हटलं. “तो विचारेल.”

७

पडवीत सर झोपाळ्यावर, सलिल खांबाला टेकून, गोदावरीबाई दारात. रावजी पायरीवर बसला. सलिलने खुर्ची पुढे केली तरी उठला नाही.

“लिहून आणलंत?” सरांनी विचारलं.

“नाही. ती चूक नाही.” मी पानं सरकण्याचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. मग म्हटलं, “सर, एकतिसाव्या पानावर स्वयंपाकाच्या बाई आहेत. त्यांचं नाव काय होतं?”

“नाव? बाई होती कोणीतरी. कोण लक्षात ठेवतंय?”

“सूची करणाऱ्याने ठेवलंय. सुईणीचं, शिपायाच्या बायकोचं, सगळ्यांचं. सलिल, तुम्हाला सांगता येईल?”

सलिलने नकारार्थी मान हलवली.

“या घरात ती सगळी नावं एकाच व्यक्तीला ठाऊक आहेत. तिने फक्त स्वतःचं लिहिलं नाही.”

सरांना समजायला वेळ लागला. मग ते मोकळेपणाने हसले.

“गोदा? अहो, तिला कुठे येतंय! सूची म्हणजे शास्त्र आहे. वेदांना अनुक्रमणी होत्या, माहितेय? ऋषी कोण, छंद कोणता. हे काय वाणसामानाची यादी आहे?” ते दाराकडे वळले. “काय गं, तू केलीस सूची?”

उत्तरासाठी सर थांबलेच नाहीत. नकार त्यांनी गृहीतच धरला होता.

“बघा. उगाच बायकांना कशाला गोवता?”

रावजी उठला. त्याने सरांकडे पाहिलंही नाही. दाराशी जाऊन हात जोडून म्हणाला, “बाई, माजी भयन कुठं हाय?”

“ती मेली, रावजी,” गोदावरीबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. “परळला, माझ्या नणंदेकडे, पौषात. खिडकीच्या काचा पुसायला लावली होती. बाहेरच्या बाजूने. पडली. तिला कॉलेजात कधी घातलंच नव्हतं.”

“गोदा!”

“पोलिसांना ह्यांनी सांगितलं की अनाथ आहे. म्हणजे गावाकडे चौकशी होणार नाही.”

“मूर्ख बाई, काय बोलतेस!” झोपाळा थांबला. “आणि खोटं काय होतं त्यात? आई असून नसल्यासारखीच. निरक्षर. तिला कळवून काय करणार होती ती? बोंबलत गावभर फिरली असती, शाळा बंद पडली असती. शंभर मुलं शिकली त्या शाळेत! हासुद्धा शिकला! आणि अग्नी मी दिला, मी! कोण देतं दुसऱ्याच्या पोरीला?”

मग त्यांना गप्प बसावंसं वाटलं. उशीर झाला होता.

रावजीने पुस्तक झोपाळ्यावर सरांच्या शेजारी ठेवलं. मला वाटलं तो हात उगारेल. सलिललाही तसंच वाटलं, तो पुढे झाला. पण रावजी लहानपणच्या सवयीने चप्पल हातात घेऊन अंगण ओलांडून गेला आणि फाटकाबाहेर गेल्यावर ती पायात घातली.

“आत जा,” सर म्हणाले.

गोदावरीबाई आत गेल्या.

८

त्या आठवड्यात सलिलने उरलेल्या सगळ्या प्रती बोर्लीच्या प्रेसमध्ये नेल्या आणि शेवटची पानं यंत्रावर कापून घेतली. साक्षीने मला फोनवर सांगितलं. “मॅडम, छान कट झालंय. सूची होती असं कळणार पण नाय,” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच कसंतरी वाटलं असावं, कारण तिने फोन ठेवला. शाळेने एक पत्रक काढलं : तांत्रिक चुकीबद्दल दिलगिरी.

रावजी वकिलाला भेटून आला. बहीण वारलेली, मृत्यूचा दाखला दुसऱ्या नावाने असेल किंवा नसेल, तीस वर्षं झालेली. गोदावरीबाई जबाब देतील का, असं वकिलाने विचारलं. मी नांदवणला गेले. त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ह्यांची तब्येत बरी नाही, नंतर बघू. हात धरून त्यांना बाहेर आणावं असं मला वाटलं. मी आणलं नाही. नंतर त्या भेटल्या नाहीत.

आईला सांगायचं काम रावजीने पुढे ढकललं होतं. तो म्हणाला, “तुमी चला संगती. माज्या तोंडून न्हाय निगायचं.”

चंद्राबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. बारीक, वाकलेल्या, पण डोळे लख्ख. रावजीने सुरुवात केली, अडला, मग मी सांगितलं. साध्या शब्दांत, जसं घडलं तसं. खिडकी, पडणं, सरांनी दिलेला अग्नी. कधी, तेही सांगितलं : पौष महिन्यात. ती पळाली असं सर सांगायला आले त्याच्याही आधी.

त्यांनी सूप खाली ठेवलं.

“म्हंजे पळाली न्हवती?”

“नाही.”

“कुनाचा हात धरला न्हवता?”

“नाही. कोणीच नव्हतं.”

“आये,” रावजी म्हणाला, “पानी देऊ?”

त्यांनी त्याला हाताने थांबवलं. त्या काहीतरी जुळवत होत्या. ओठ हलत होते.

“सर सांगून गेले, त्याच दिशी तुजा बाप वढ्यावर गेला,” त्या म्हणाल्या. “तिच्या नावानं आंगोळ केलीन त्यानं. समद्या वाडीदेकत. मी पाय धरले, म्हनलं, जितीच्या नावानं करू नका, तिला लागंल. तर म्हनला, माज्यासाटी मेली ती.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तवा ती खरीच मेलेली व्हती.”

रावजीने तोंड फिरवलं.

“मरताना मी त्याला म्हनलं, आता तरी येकदा नाव घ्या पोरीचं. त्यानं भितीकडं तोंड केलं. शिव्या देत गेला तो तिला.”

कोंबड्या सुपाशी आल्या होत्या. त्यांना कोणी हाकललं नाही.

“माजं जाऊं द्या,” चंद्राबाई म्हणाल्या. “मला तुमी सांगितलंत. त्याला आता कोन सांगल?”